वाल्मीकची पहिली आवळणी

"गिऱ्हाईक मोठी मागतंय तर मोठी द्यावी, तुझ्या बापाचं काय जातंय रे वाल्या?"

बाप स्वतःच ओरडत होता, म्हणून मला भिंतीपलीकडे हसू आलं. माझ्या हातात निवडायची मेथी होती. आमचं घर आणि चिमाजी गाडेकरांचं सायकलचं दुकान यांच्यात एकच भिंत. तीही अशी, की पलीकडे कुणाला ठसका लागला तर इकडून पाण्याचा तांब्या द्यावासा वाटावा. त्यामुळे मी कान लावून ऐकलं असं कोणी म्हणू नये. कान होते तिथेच होते.

झालं होतं असं. मखमलाबादची एक बाई पोराला घेऊन आली. पोरगं एवढंसं, पण तिला सायकल हवी होती दहावीपर्यंत पुरेल अशी. आपल्याकडे युनिफॉर्म घेतात तोही दोन बोटं ढगळा, मग सायकल का मापाची घ्यावी? वाल्मीक तेव्हा नुकताच दुकानावर बसायला लागला होता. त्याने पोराला सीटवर बसवलं, पाय टेकत नाहीत हे बघितलं आणि सांगितलं, "ही नाही देणार." बाई तरातरा पुढच्या दुकानात गेली.

"पोराचे पाय काय आज आहेत तेवढेच राहणार आहेत का?" चिमाजी.

"वाढतील ना बाबा. पण तोवर दात राहायला पाहिजेत त्याचे."

"पडतील तर त्याच्या आईच्या घरात पडतील! तू काय दाताचा डॉक्टर आहेस? असा धंदा करायचा असेल तर घाटावर जाऊन कीर्तन कर, निदान आरतीत काही पडेल."

पाना उचलल्याचा आवाज तेवढा आला.

चिमाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाल्मीकचे केस पिकले, पोट थोडं पुढे आलं, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग कायमचा बसला. पण पेठ नाक्याजवळच्या त्या दुकानात तो तसाच राहिला, सायकल विकायच्या आधी माणसाला तिच्यावर बसवून बघणारा. त्याची बायको उज्वला म्हणायची, "मावशी, मला बघायला आले तेव्हा ह्यांनी सायकलवर बसवून नाही बघितलं, हेच नशीब."

त्याचा एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. नवी सायकल विकली की दोन-तीन आठवड्यांनी तो स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. पिशवीत पाने, तेलाची कुपी, एक फडकं. नवी सायकल पहिले काही दिवस चालली की तिचे नट सैल पडतात, चाकाच्या तारा ढिल्या होतात, ब्रेकची वायर ताणते. तेव्हा एकदा सगळं आवळून घेतलं की मग ती वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. माणसं काही त्यासाठी परत दुकानात येत नाहीत, म्हणून हा जायचा. ह्याला तो 'पहिली आवळणी' म्हणायचा. लेक दिल्यावर भाऊ तिला बघायला जातो ना, तसं तोंड करून जायचा. आडगावला जायचा, म्हसरूळला जायचा, एकदा तर मालेगावला पाहुण्यांकडे गेला तिथेही पिशवी घेऊन गेला. चहा व्हायचा, कुणी भाजी द्यायचं, उज्वला कपाळावर हात मारायची.

कोरोना ओसरल्यावर नाशकात सायकलींचं वेड आलं. चांगली कमावती माणसं तंग चड्ड्या घालून पहाटे त्र्यंबककडे निघायला लागली. मी एकीला विचारलं, "काय नवस बोललीस का गं?" तर म्हणाली, "नाही आजी, फिटनेस." असू दे. आमच्या काळी सायकल चालवणाऱ्याला गाडी परवडत नाही असं समजायचे. आता गाडी परवडते त्यालाच सायकल परवडते.

वाल्मीकला वाटलं, आता दुकानाला पुन्हा दिवस येणार. शाळेच्या पोरांना बस आली होती, कामगारांना फटफटी आली होती, दुकान नुसतं हवा आणि पंक्चरवर चाललं होतं. ही नवी मंडळी आपल्याकडे आली तर दुकान राहील, नाहीतर नाही, हे त्याने मला सरळ सांगितलं. पण तेवढ्यात हायवेला ते मोठं दुकान उघडलं. कंपनीचं. आत एसी, काचा, सायकलीच सायकली, आणि चालवून बघायला आतच रस्ता. पसंत पडली नाही तर परत घेतात म्हणे. मी गेले होते ना नातीबरोबर. खोटं कशाला बोलू, दुकान छान आहे. मला बसायला स्टूल दिलं.

माझी नात हर्षाली बँकेत आहे. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली, डॉक्टरांनी सायकल सांगितली. मी म्हटलं, वाल्मीककडे बघ. ती बघून आली. त्याच्याकडे तिला हवी तशी एकही नव्हती, मागवायला महिना लागला असता. तिकडे पन्नास रंग. तिने तिकडून घेतली. तिचं काय चुकलं? तरी सायकल दुकानावरून न्यायला नको म्हणून ती मागच्या गल्लीने घरी आली. भिंत एक असली की मागची गल्ली किती पुरणार?

दोन-तीन आठवडे गेले आणि एका रविवारी सकाळी वाल्मीक पिशवी घेऊन आमच्या दारात उभा.

"हर्षाली, नवी सायकल ना? आण बाहेर. पहिली आवळणी करून देतो."

ती लाजली. "काका, अहो... त्यांच्याकडे सर्व्हिस आहे फुकट."

"त्यांचं ते करतील. शेजारची नवी सायकल मी बघितली नाही असं नको व्हायला."

मला वाटतं, त्याला ती सायकल हातात घेऊन बघायचीही होती. मोबाईलवर तो तसल्या सायकलींचे व्हिडिओ बघायचा. ह्या सायकली दुरुस्त करायला जमल्या तर बाकीची मंडळीही येतील, असा त्याचा हिशेब असणार. दोन-चार जण पंक्चरला यायलाही लागले होते.

त्याने मागचं चाक काढलं. तारा तपासल्या, चाक मांडीवर फिरवलं. मग सवयीने दुसऱ्या हाताने ब्रेक दाबून बघितला. वायर ताणलीय का, ते बघायला. जन्मभर तो तसाच बघत आला होता. पण ह्या ब्रेकला वायर नसतेच, आत तेल असतं. चाक बाहेर असताना ब्रेक दाबला की चाकाची चकती धरणारं त्याचं तोंड मिटतं आणि मिटलेलंच राहतं. मग चाक परत आत जात नाही.

वाल्मीकने चाक लावून पाहिलं. जाईना. फिरवून लावलं. जाईना. स्क्रू ड्रायव्हर घेतला, मग भीतीने खाली ठेवला. त्याच्या कानामागून घाम उतरायला लागला. मी चहा आणला तर म्हणाला, "ठेवा मावशी." ठेवला. साय धरली त्यावर. हर्षाली उभी, मी उभी, दारात उज्वला येऊन उभी. ह्यात कोणाला काय करता येणार? ज्याला येत होतं त्यालाच येत नव्हतं.

शेवटी हर्षाली म्हणाली, "असू दे काका, मी नेते रिक्षात घालून."

मोठ्या दुकानातल्या मुलाने एक चपटी पट्टी घातली आणि ब्रेकचं तोंड उघडलं. पाणी पिऊन होईपर्यंत काम झालं. वर सायकल पुसून दिली. वागायला गोड मुलगा. फक्त म्हणाला, "मॅडम, बाहेर कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटीला अडचण येते." नियम असेल तो, त्याने थोडाच केला?

हर्षालीने घरी येऊन तिच्या सायकलवाल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं, की चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका, आणि सायकल जिथून घेतली तिथेच दाखवा. नाव कुणाचं नाही. नव्या मुलींना उपयोगी पडावं म्हणून लिहिलं. पण तो ग्रुप पंचवटीतलाच. कोणाच्या दारात काय झालं ते सगळ्यांना आधीच ठाऊक. जे दोन-चार जण पंक्चरला येत होते, तेही यायचे थांबले. एकाने तर आवळायला दिलेली सायकल तशीच परत नेली, "घाई आहे" म्हणून.

हर्षाली रडवेली होऊन त्याच्याकडे गेली. "काका, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं हो."

वाल्मीक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "घेतलं असतंस तर निदान जाहिरात झाली असती."

मग तिने पुन्हा लिहिलं, की काका चांगले आहेत, माझ्या लहानपणापासून ओळखते. त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. अंगठे भरपूर आले, सायकल एक नाही आली. मी माझ्या भजनाच्या बायकांना सांगून बघितलं. त्यांच्यातली कोण सायकल चालवणार? एकीने तिच्या नातवाची तीनचाकी आणून दिली, ती वाल्मीकने फुकट करून दिली. म्हणजे आमची मदत ही अशी.

पुढच्या द्राक्षांच्या हंगामाआधी दुकान बंद करायचं ठरलं. उज्वलाचा भाऊ महेश निफाडला द्राक्षांच्या पॅकिंगच्या कामावर आहे, त्याने तिथे वाल्मीकला लावून घेतलं. उज्वला म्हणाली, "आता पेट्या आवळा." म्हणाली हसून, पण पदर डोळ्याला लावला. जागा केकच्या दुकानाला गेली. सामान भंगारात गेलं, टायर कोणी झोपाळ्याला नेले.

एकच नवी सायकल उरली होती, छताला टांगलेली, मुलींची, जांभळी. ती मंगळूने घेतली. मंगळू हरसूलकडचा, इकडे इमारतीच्या कामावर यायचा. त्याच्या सविताची शाळा दुसऱ्या गावात, पायी जाऊन पोरीचे पाय दुखायचे.

"मोठ्या दुकानातपण गेलतो," मंगळू म्हणाला. "चपला दारात काढू का इचारलं. पोरगं हसलं, तसंच या म्हनलं. चांगलं बोललं. पन मंग काय इचारावं तेच मला कळंना."

वाल्मीकने सायकल उतरवली, पुसली, सवितालाच बोलावून घेतलं, सीटवर बसवलं, सीट खाली केली. जीपच्या टपावर बांधून दिली.

निफाडला जायचं दोन दिवसांवर आलं, भांडीकुंडी पोत्यांत भरलेली, आणि सकाळी बघते तर वाल्मीक पिशवी घेऊन निघालेला. उज्वलाने विचारलं नाही कुठे. मला हरसूलच्या बाजारातून भाकरीला नागली आणायची होती, मीही त्याच्याबरोबर एसटीत बसले. वाटेत तो खिडकीतून बघत होता. मी म्हटलं, "निफाडला थंडी फार असते म्हणे." म्हणाला, "द्राक्षाला चांगली असते."

मंगळू कामावर होता. त्याची बायको भागीबाई अंगणात भात वाळवत होती. तिने घोंगडी टाकली. सविता सायकल घेऊन आली. सायकलीला चिखल, हँडलला लाल रिबिनी.

"किती चालवलीस?"

"रोज जाते. पडले पन."

"कुठं?"

तिने गुडघा दाखवला. वाल्मीकने गुडघा सोडून आधी पेडल बघितलं. मग सायकल उलटी केली आणि बसला. एकेक नट, एकेक तार. चाक फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा आवळायचा. चेनला तेल घातलं, जास्तीचं फडक्याने टिपलं. भागीबाईने कोरा चहा दिला, तो दोन घोटांत संपवला. मग सायकल सरळ केली, सविताला एक चक्कर मारायला लावली, ती वळून आली तेव्हा घंटी वाजवून बघितली.

हात पुसता पुसता म्हणाला, "पावसात भिजली तर चेन पुसत जा. आणि काही वाजायला लागलं तर दुकानावर घेऊन ये."

सविताने मान डोलावली. त्याने पाने मोजून पिशवीत टाकले, आणि आम्ही बाजाराकडे चालायला लागलो.