पुण्याच्या सरीत गेलेलं इंटरनेट

उपकार कुणाचे, ते आधी सांगतो. कुपवाडच्या आमच्या कारखान्याच्या गेटावरचे वॉचमनमामा. फौजेतून निवृत्त, घरचा दीड एकर ऊस, आणि कॉम्प्युटरला उभ्या जन्मात बोट लावलेलं नाही. तरी माझी नोकरी वाचवली ती त्यांनीच.

नव्व्याण्णव साल असेल. मी पाचगणीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. "कॉम्प्युटर कुणाला येतो?" असं मालकांनी विचारलं आणि नेमकं त्याच वेळी मी डोकं खाजवायला हात वर केला. झालं, बसवलं खुर्चीत.

आधी फोन लावून इंटरनेट सुरू करायचं. मग त्यावरूनच व्हीपीएन जोडायचं, म्हणजे पुण्याच्या हेडऑफिसपर्यंतची खासगी वाट. ती जोडली की पुण्याचा स्टॉक दिसायचा, पण बाहेरचं एकही पान उघडायचं नाही. तोडली की पानं सुरू, पुणं गायब.

मालक म्हणाले, "चारला पुण्याचे साहेब येतायत. दोन्ही एकदम चालू दिसलं पाहिजे. नाहीतर तू सहाची एसटी धर."

मी माउसची गोळी साबणानं धुतली. फोनची वायर काढून पुन्हा लावली. लेथवाल्यांना दहा मिनिटं मशिनी बंद ठेवायला सांगितल्या; ते आनंदानं चहाला गेले. पान काही उघडलं नाही, मालक तेवढे केबिनीतून बाहेर आले.

शेवटी गेटावर गेलो. "मामा, सहाची एसटी कितीला सुटती?"

"सहाची व्हय? सहाला. पर तोंड का पाडलंयस रं?"

सगळं सांगितलं. मामांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "म्हंजे पानी येतंय, पर समदं पुण्याच्या सरीत चाललंय. दुसऱ्या सरीचं तोंड कुनी बुजवलंय, बघ की गड्या."

"आवं मामा, सरी उसाच्या रानात असती, कॉम्प्युटरात कुठली?"

"मला काय ठावं? पर एकाच सरीला पानी लागलं तर मोटार बिघडली न्हाई. दारं धरून सरीसरीत पानी वळवनारा झोपलाय."

परत आलो आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन व्हीपीएनच्या सेटिंगमधली एकेक ओळ लावत बसलो. तिसऱ्या खिडकीत सापडलं. सगळी ये-जा पलीकडच्या नेटवर्कमधूनच करा, अशा अर्थाच्या ओळीपुढं बरोबरची खूण होती. खूण काढली, जोडणी तोडून पुन्हा जोडली. पुणं दिसलं. शेजारी बाहेरचं पानही हळूहळू वरून खाली भरत आलं. मी खुर्चीतच उडी मारली आणि फोनची वायर पायात अडकून दोन्ही बंद पडलं. पुन्हा जोडलं.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

"वॉचमननं."

साहेब खो खो हसले. "पोरगा विनोदी आहे, ठेवा याला."

मामांना पेढे द्यायला गेलो. म्हणाले, "पेढं र्‍हाऊ देत. माझ्या उसाला एक पाळी दारं धर."

मी व्हय म्हणालो खरा. पण मला खोरं धड धरता येत नाही, म्हणून आजवर टाळत आलो. मामा, शिकतोय. एक दिवस तुमच्या उसाला पाणी मीच पाजणार, तुम्ही नुसतं बांधावर बसून शिव्या द्यायच्या.