मार्थामावशीचा चोरखिसा

मार्थामावशीने पहिल्यांदा माझं माप घेतलं ते कपाळाचं. औशाला तिच्या ओसरीत मी मुलीचा नाताळचा फ्रॉक शिवायला टाकायला गेलो होतो. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठांत दोन टाचण्या, अशी ती मशीनवरून उठली. टाचण्या ओठांत धरूनच ती अखंड बोलायची, त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायचा. तिने रिबूचं, म्हणजे आमच्या रिबेकाचं, माप घेतलं आणि मग टेप सरळ माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. "डोस्कं तर चांगलं मोठं हाय, जावाईबापू," ती म्हणाली. "आता आत काय हाय ते बघू. लेकराच्या खिशात काय टाकणार ते सांगा, मग कैची लावते."

औसा माझी सासुरवाडी. तिथे जावई म्हणून माझी जी सरबराई व्हायची तिला मावशीचं घर हा एकमेव अपवाद होता. तिच्याकडे चहा मिळायचा, पण आधी चिठ्ठी दाखवावी लागे.

हे चिठ्ठीचं प्रकरण सांगायला हवं. औशाच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मोजकीच घरं, आणि सगळ्या मुलांचे नाताळचे कपडे मावशीच शिवायची. प्रत्येक फ्रॉकला, प्रत्येक सदऱ्याला आतून डाव्या बाजूला ती एक चोरखिसा लावायची. त्यात आईने किंवा बापाने चिठ्ठी ठेवायची, की येत्या वर्षात मी तुझ्यासोबत अमुक एक गोष्ट करीन. मावशी चिठ्ठी वाचणार, पसंत पडली तरच खिशाचं तोंड कच्च्या टाक्याने बंद करणार आणि मगच कपडा घरी जाणार. नाताळची उपासना संपली, की पोरं देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मैदानात धावत सुटायची आणि टराटरा टाके उसवायची. "कापड तुमचं, शिलाई माझी, खिसा लेकराचा," असा तिचा कायदा होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. सकाळी सहाची पहिली बॅच, रात्री आठची शेवटची, आणि मधल्या वेळात शंका. दुसऱ्यांची मुलं डॉक्टर करता करता स्वतःची मुलगी आठ वर्षांची झाली हे मला शाळेच्या फॉर्मवरून कळलं. तोवर दर नाताळला मी लातूरहून तयार फ्रॉक आणि दुकानातला सगळ्यात मोठा खोका घेऊन जायचो. खोका जितका मोठा तितका बाप मोठा, असा माझा सरळ हिशेब होता. शेवटच्या खोक्यात एक बोलणारी बाहुली होती. ती रिबूशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची.

पण रिबूने दोन नाताळ मैदानाच्या कडेला उभं राहून बाकीच्यांना खिसे उसवताना पाहिलं होतं. तिसऱ्या वर्षी तिने बाहुली कपाटात ठेवली आणि सांगितलं, "पप्पा, मला खोका नको. मला फाडायचा खिसा पाहिजे."

म्हणून मी त्या ओसरीत बसलो होतो. मी खिशाला पेन लावणारा माणूस, एका चिठ्ठीचं काय ते. मी लिहिलं, "प्रिय रिबेका, यंदा अभ्यासात पहिली ये. तुझे पप्पा." मावशीने कागद लांब धरून वाचला. "ही भेट हाय का नोटीस? नामंजूर."

मी दुसरी लिहिली. सायकल घेऊन देईन. "सायकल दुकानदार बी देतोय. तुमची काय गरज हाय त्यात? नामंजूर."

तिसऱ्यांदा मी जरा भारी लिहिलं, की मी तुला रोज वेळ देईन. यावर मावशीने चक्क टाचण्या ओठांतून काढल्या. "रोज म्हणजे कवाच न्हाई. लेकराला हातात धरता यावं असं लिव्हा. अन् असं लिव्हा की तुमच्याबिगर दुसऱ्या कुणाला करता येणार न्हाई."

मी आयुष्यात इतक्या वेळा नापास झालो नव्हतो. शेजारच्या बाकावर मंडळीचे खजिनदार बसले होते. भारदस्त माणूस, पांढऱ्याशुभ्र आकडेबाज मिशा. तेही नातवाच्या खिशासाठी दुसऱ्यांदा आले होते आणि माझा कागद तिरक्या नजरेने बघत होते. मी हाताने कागद झाकला.

मी वैतागून म्हणालो, "मावशी, शेवटी मुलांना खेळणीच आवडतात." ती मशीनवर जाऊन बसली आणि पायडल मारता मारता म्हणाली, "मला सांगा, देवानं काय पार्सल पाठवलं का? सोता आला. गोठ्यात आला, पर आला. अन् तारा बघून आलेल्या त्या मागी लोकांचं सोनं पुढं कुठं गेलं, कुणाला ठावं हाय? ती माणसं इतक्या लांबून बाळाला भेटायला आली, हे मातर समद्या दुनियेला ठावं हाय." मग तिने आपली गोष्ट सांगितली. तिचे वडील उदगीरला शिंपीकाम करायचे. घरात सहा लेकरं. एका नाताळला त्यांनी गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा फ्रॉक तिला शिवला आणि आत खिसा लावला. चिठ्ठीत होतं, 'तुला मशीन चालवाय शिकवीन.' मावशी म्हणाली, "फ्रॉक सालभरात आखूड झाला. चिठ्ठी आजून पुरून राहिली."

मी चौथी चिठ्ठी लिहिली. 'एक दिवस तू सर आणि मी विद्यार्थी. तू शिकवशील ते शिकेन. फोन बंद.' मावशीने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि आतल्या बाजूला बघून हाक दिली, "जावाईबापूला चहा टाका गं." इतका कष्टाचा चहा मी पुन्हा प्यायलो नाही.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी मावशी स्वतःच्याच चष्म्यावर बसली. डब्यात सगळ्या चिठ्ठ्या, समोर इस्त्री केलेल्या कपड्यांचा ढीग, टाके घालायचे बाकी, आणि कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळताहेत. सुनेने वाचून दाखवते म्हटलं, तर मावशी म्हणाली, "गुपित हाय ते. आईबापाचं अन् लेकराचं. मधी तिसरी मीच हाय ती लई झाली." आणि तिने नुसत्या कागदाच्या स्पर्शावरून अंदाजाने चिठ्ठ्या खिशांत घातल्या. तिला खात्री होती, कुणाचा कागद कसा लागतो हे तिच्या बोटांना पाठ आहे. बोटांना काहीही पाठ नव्हतं.

सकाळी उपासना झाली, पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, आशीर्वाद दिला आणि मैदानात टाके तुटले. आधी आरडाओरडा झाला आणि मग पोरांनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाळकांनी आपल्या मुलीला लिहिलं होतं, 'एक रविवार तू म्हणशील तेव्हा माझा उपदेश थांबेल.' ती चिठ्ठी निघाली खजिनदारांच्या नातवाच्या खिशातून. माझी चिठ्ठी मिळाली सुवार्ताला. सुवार्ता म्हणजे दहा वर्षांची, गुडघे कायम फुटलेले, झाडावरून बोलणारी मुलगी. आणि रिबूच्या हातात होतं, 'एकदा माझी मिशी ओढू देईन. जोरात. तुझा आजोबा.'

सगळं मैदान हसत होतं. खजिनदार मिशीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरकले. फक्त रिबू हसत नव्हती. तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली, खिशात पुन्हा बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "हे पप्पांचं अक्षर नाही." मग ती रडायला लागली. दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते तिच्या डोळ्यांदेखत सुवार्ता हातात नाचवत होती. मला त्या क्षणी जितकं वाईट वाटलं तितकं कुठल्याही निकालाच्या दिवशी वाटलेलं नाही.

मी सुवार्ताकडे चिठ्ठी मागायला निघालो तेवढ्यात मावशीने माझी बाही धरली. मोडका चष्मा दोऱ्याने कानाला बांधून ती आली होती. "चूक माझी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हातारी चष्म्यावर बसली अन् खरं बोलाय लाजली. पर लेकराच्या हातात गेलेलं माघारी घ्याचं न्हाई. ज्याच्या खिशात त्याचं."

"आणि रिबूचं काय, मावशी?"

"कामून? तुमच्याजवळ एकच कागद हाय का?"

मी उपासनेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे, सासऱ्यांच्या पाठीवर कागद ठेवून, तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली. मावशीने सुईत दोरा ओवायचा तीनदा प्रयत्न केला, मग सुई रिबूच्या आईकडे दिली आणि तिथेच, अंगातल्या फ्रॉकवर, चार टाके घालून घेतले. रिबूने डोळे पुसले आणि तत्काळ ते उसवले. माझं बघून बाकीच्या आईबापांनीही कागद शोधले. अशा रीतीने औशाच्या मंडळीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात त्या साली दोन दोन वचनं पडली.

ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. खजिनदारांच्या नातवाने गजराचं घड्याळ लावून उपदेश बरोबर नवव्या मिनिटाला थांबवला, आणि इतका नेमका उपदेश पाळकांनी कधी केला नव्हता असं सगळे अजून म्हणतात. रिबूने मिशी ओढली ती रीतसर, पायाचा जोर लावून. खजिनदारांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी "हालेलूया" एवढंच म्हटलं. सुवार्ताने मला देवळामागच्या चिंचेवर चढायला शिकवलं. दुसऱ्या फांदीवर मी अडकलो असताना बाहेरच्या रस्त्याने सोलापूरची एसटी गेली, आणि तीत आमच्या क्लासचा एक विद्यार्थी होता. सोमवारी माझा फोटो सगळ्या बॅचच्या फोनवर होता. खाली प्रश्न होता, 'सर, वर्गीकरण करा.'

रिबू सर झाली तो एक रविवार होता. तिने मला दोन वेण्या घालायला शिकवलं. मी फळ्यावर हृदयाची आकृती डोळे मिटून काढतो, पण तीन पेडांनी माझा घाम काढला. एक वेणी कानाजवळ सुरू झाली आणि दुसरी मानेवर. तिने वीसपैकी सात मार्क दिले आणि फेरपरीक्षा ठेवली. मग दर रविवारी फेरपरीक्षा होऊ लागली. एका दिवसाची चिठ्ठी पाच वर्षं पुरली, आणि त्या पाच वर्षांत रिबूने पाठमोरं बसून मला काय काय सांगितलं ते समोरासमोर बसून तिने कधीच सांगितलं नसतं.

नंतर ती नववीत गेली. रविवारी चाचणी परीक्षा आल्या. अकरावीला तर ती आमच्याच क्लासला, माझ्याच बॅचला बसू लागली, आणि एक दिवस वेळ वाचतो म्हणून मानेपर्यंत केस कापून आली. मी म्हणालो, "छान केलंस." वेळापत्रक मीच बनवलं होतं. घरी आल्यावर कंगवा ड्रॉवरमध्ये ठेवताना मात्र मला कळेना की मी नक्की कुणाला शाबासकी दिली.

त्याच दिवाळीत मावशीच्या डोळ्यांनी पूर्ण संप पुकारला. लेक तिला नायगावला घेऊन जाणार होती. निरोपाला गेलो तर तिने मला उभं केलं आणि माप घेतलं, या वेळी कपाळाचं नाही, छातीचं, बाहीचं, शर्टाचं. मी म्हणालो, "मावशी, आता कशाला शिवताय? दिसत नाही तुम्हाला."

"शिवणारी दुसरी हाय," ती म्हणाली. "मी नुसती बसून बोलणार. बोलाय डोळे लागतात का?" सुट्टीत रिबू आठवडाभर आजोळी राहिली होती. ती तिथे भौतिकशास्त्राचे धडे संपवतेय असा माझा समज होता.

शर्ट नाताळला घातला. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब, कॉलर पूर्वेला. उपासना संपल्यावर मैदानात पोरं खिसे उसवत होती. आता मावशीच्या सुनेने तो कायदा चालू ठेवलाय. मी कडेला उभा होतो. रिबू जवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, आत बघा. डाव्या बाजूला."

मोठ्या माणसाला चोरखिसा मावशीने कधी लावला नव्हता. मी बेचाळीस वर्षांचा माणूस, सगळ्या मंडळीसमोर शर्टाची बटणं काढून टाके उसवत बसलो. आत घडी घातलेला कागद होता. 'केस परत वाढवते आहे. उन्हाळ्यापर्यंत पुरेसे होतील. सराव ठेवा.'

मी तिथूनच नायगावला फोन लावला. आवाज जरा सांभाळून विचारलं, "मावशी, ही चिठ्ठी तुम्ही वाचून घेतलीत का?"

"वाचल्याबिगर मी टाका घालू देते का? तिनंच वाचून दाखवली. पहिल्या झटक्याला मंजूर केली. लेक तुमच्यावर गेली न्हाई, देवाची कृपा." मग ती दटावणीच्या सुरात म्हणाली, "अन् सरावाला लागा जावाईबापू. मागं सात मार्क पडलेते, मला ठावं हाय."

लातूरला आमच्या बैठकीच्या पडद्याला लांब झालर आहे. तिला सध्या सोळा वेण्या आहेत. शेवटच्या तीन बऱ्या जमल्यात.