वाळू गप्प बसते

मोंटानातल्या लुइसटाउनला स्कूलबस दुरुस्त करून निवृत्त झालेला व्हर्लिन टोस्ट्रूड शिकारीची काडतुसं घरीच भरतो. शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार म्हणून त्याने मागच्या खोलीत टेबल ठोकून त्यावर काडतुसं भरायचा हाताचा प्रेस बसवला. पण दांडा खाली ओढला की टेबलाची मागची बाजू उचलली जाई, आणि टेबल पक्कं करायला नव्या रंगवलेल्या भिंतीत स्क्रू मारायला बायकोची सक्त मनाई होती. शेवटी तीच, आर्डिस, टेबलावर चढून बसली. टेबल हललं नाही.

“शेजारच्या शेरिलच्या नवऱ्याचं कळलं का तुला?”

“बोलू नकोस गं. लक्ष उडालं तर एकाच काडतुसात दोनदा दारू पडते.”

“दारू अजून डब्यात आहे. तू नुसता दांडा ओढतोयस.”

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनने वाळूची दोन पोती आणली.

“माझ्या जागी वाळू?”

“वाळू गप्प बसते.”

“मग शनिवारचे सँडविच वाळूच बांधून देईल.”



“बरं, तूच बस. पण दारू मोजायला घेतली की खाली उतरायचं.”

पोती त्याने अंगणात नेऊन टाकली. येताना आर्डिसला बसायला उशी घेऊन आला.