पाण्याच्या रेणूतली भागीदारी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मुलीला, स्नेहलला, सांगायची गरजच नाही – ती तिथं होती.

आधी एक सांगतो. शाहूपुरीत मोटारपंपांचं दुकान मी आणि चुलतभावानं मिळून उभं केलं होतं. एका सकाळी गेलो तर त्यानं कुलूप बदललेलं. पुढं एकट्यानं धंदा उभारला, पण तो राग गेला नाही.

स्नेहल दहावीत होती. तिनं विचारलं, पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात म्हणजे काय? भागीदारी! मला हसू आलं. म्हटलं, "कुठली भागीदारी? ऑक्सिजन थोरला हाय न्हवं? त्यो हिसकावून घेतोय." तिनं चाचणीत तेच लिहिलं. तीनपैकी शून्य.

मी तिचं पुस्तक उघडलं. हायड्रोजनचा एक इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनचा एक – ती जोडी दोघांच्या मध्ये, दोघांचीही. स्वच्छ लिहिलं होतं. मला कळलं. तिथंच थांबता आलं असतं – पण पोरीसमोर चुकलो म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाळा गाठली. तीन नाही तर दोन तरी द्या – घासाघीस सुरू केली. विज्ञानाच्या बाई तासिका तत्त्वावरच्या, वयानं लहान, पण हलल्या नाहीत. उलट कागदावर ठिपके काढून मला शांतपणे समजावू लागल्या. ते समजावणंच झोंबलं. मुख्याध्यापकांसमोर मी आवाज चढवला, "वर्गात ह्यांनीच असं शिकवलंय! आता अंगाशी आलं म्हणून पोरीला शून्य? इचारा की तिला!"

स्नेहलनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर हटवली नाही. किती वेळ? तिची मान खाली जाईपर्यंत.

"व्हय सर," ती म्हणाली.

कुणाची वही मागवली नाही, दुसऱ्या कुठल्या पोराला विचारलं नाही. माझ्या आवाजापुढं ते कुणाला सुचलंच नसावं. स्नेहलला दोन गुण मिळाले. पुढच्या महिन्यात बाईंच्या तासिका बंद झाल्या. मी खोटं बोललो – एवढी एक ओळ लिहून दिली असती तर? नाही दिली. शाळा माझ्या नव्या दुकानापासून दहा मिनिटांवर.

दहावीनंतर स्नेहलनं कॉमर्स घेतलं. विज्ञानाची एवढी आवड होती, मग का सोडलंस, असं तिच्या आईनं जेवताना विचारलं.

"पप्पांना माहीत हाय," ती म्हणाली.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी मोडत म्हणालो, मला काय माहीत?