आरुआच्या घराची जागा

हानुआबादात आम्ही पाण्यावर राहतो, खांबांवरच्या घरांत. प्रत्येक कुळाची एक रांग. मुलाचं लग्न ठरलं की बापाच्या घरापुढे, समुद्राच्या अंगाला, नवे खांब रोवायचे. मागे सरकायला जागा आहे कुठं? मागे डोंगर, आणि डोंगरावर पोर्ट मोर्स्बी. जो उठतो तो या शहरात येतो. आमच्या आज्या जिथं केळी लावायच्या तिथं आता माथ्यापर्यंत पत्रेच पत्रे. आमच्यातही पोरं काही कमी झाली नाहीत म्हणा.

हेनाओ माझी शेजारीण. तिचं घर तेव्हा रांगेतलं शेवटचं, पडवीपुढे नुसता समुद्र. नवरा हितोलो गावभर खांब रोवायचा. एकुलत्या एक मुलाचं, आरुआचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं चांगले टणक लाकडाचे खांब आणून घराखालच्या पाण्यात मुरत टाकले. त्याच हंगामात आरुआ मासे धरायला गेला तो परत आला नाही. गावच्या सगळ्या होड्या शोधून दमल्या. त्याची होडीसुद्धा मिळाली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेनाओ पडवीत खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसायची. सुपारी तिथंच, जेवण तिथंच. मी चिडवायचे, की बाई, एक दिवस तुला मुळं फुटतील. ती म्हणायची, पुढे कुणी नसलं की येणारं माणूस लांबून दिसतं.

पुढची जागा मागायची कुणाची छाती नव्हती. मग हितोलोचा पुतण्या गावेरा आला. तो राहायचा त्या थोरल्या भावाच्या एका खोलीत तीन संसार कोंबलेले. डोंगरापलीकडच्या वस्तीत राहून बघितलं, तिथं पाणी नाही आणि रोजची मारामारी, म्हणून परतला होता. मान खाली घालून उभा राहिला. बायकोच्या कडेवरचं पोर सारखं खोकत होतं.

हितोलो भडकला. "ती जागा आरुआची आहे. तुला विचारायला जीभ कशी रेटली?"

बोलली ती हेनाओ.

"आरुआ असता तर त्यानं तिथं कधीच घर बांधलं असतं. मग मला तरी कुठला समुद्र दिसला असता?" आणि गावेराला म्हणाली, "खांब खाली पाण्यात आहेत. तेच घे बाळा."

ते खांब हितोलोनं स्वतः रोवले. छातीभर पाण्यात उभा राहून म्हातारा रडत होता आणि आम्ही सगळे न बघितल्यासारखं करत होतो.

गावेराची बायको गुणाची. संध्याकाळ झाली की घराची दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची. मग हेनाओला खुर्चीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. मला वाटलं, चला, निभावलं. पण वर्ष सरतंय तोच गावेराच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि त्याचं घर गावेराच्या घरापुढे उभं राहिलं. पट्टी गेली. घरांखाली आता बाटल्या नि पिशव्या इतक्या, की भरती आलेलीसुद्धा कळत नाही. जळलं मेलं ते शहर!

परवा प्रार्थनेहून येताना मी तिच्यासाठी साबुदाणा नि मासा घेऊन गेले. बघते तर खुर्ची फिरवलेली. समुद्राकडे पाठ, आणि तोंड किनाऱ्याला जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेनं थेट रस्त्याकडे.

"अगं, इकडे काय बघतेस? बाजार?" मी आपलं नेहमीसारखं बोलून गेले.

तिनं खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. "पाण्याकडची वाट बुजली गं. आता आला तर रस्त्यानंच येईल."

मी तिच्याजवळ टेकले. तिकडे बस येऊन थांबली होती. बोचकी घेतलेली अनोळखी माणसं उतरत होती, संपतच नव्हती. आम्ही दोघी एकेकाचं तोंड बघत बसलो.