सांडू सईसानं फिरवलेलं आवतण

जर्मनीची पहिली लढाई कशानं लागली, हे दौलताबाद स्टेशनावर कुणाला विचारायचं झालं तर मास्तरला नाही, सांडूला विचारायचं. पोलीस ॲक्शनला तेव्हा पाच वर्षं झाली होती. सांडू स्टेशन ते किल्ला टांगा हाकायचा. वय पंचावन्नच्या पुढं, मिशा पांढऱ्या, पाठ मात्र अजून ताठ. विशीच्या आत तो निजामाच्या रिसाल्याबरोबर सईस म्हणून सुवेझच्या कालव्यावर गेला होता. लढला कधीच नाही. घोड्यांना पाणी पाजलं, खरारा केला, वाळूतली लीद गोळा केली. जोडीला कागजीपुऱ्याचा कमरोद्दीन होता. तो चार बुकं शिकलेला, साहेबांच्या गप्पा ऐकून यायचा आणि सांडूला सांगायचा.

"इंग्लंडचा बादशहा आन जर्मनीचा कैसर, हे मामेभाऊ-आत्तेभाऊ," सांडू टांग्यातल्या पाहुण्याला सांगे. "रशियाचा झार इंग्लंडवाल्याचा मावसभाऊ. म्हंजी सगळी घरचीच भाऊबंदकी. यानं एक जहाज बांधलं की त्यानं दोन. यानं सोयरे जमवले की त्यानं बी जमवले. जो तो म्हणायचा, मी नाय भांडणार, पर तो आला तर तयारी पायजे. तयारी एवढी झाली की भांडायला कारण कुठलंबी पुरलं."

"मग तुम्ही काय केलं?" पाहुणा विचारी.

"मी घोड्याला पाणी पाजलं."

ही गोष्ट सांगून सांगून सांडूच्या जिभेवर गुळगुळीत झाली होती. ती आपल्याच वेशीत येऊन उभी राहील, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

त्याचं गाव किल्ल्याच्या मागच्या अंगाला, दीडशे उंबऱ्यांचं. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल काढायचा मान पाटलांच्या दोन घरांत सालाआड फिरे. एक साल काकासाहेबांचं, एक साल तात्यासाहेबांचं. दोघं चुलतभाऊ. आदल्या साली पाळी काकासाहेबांची होती, पण बुळकांडीनं गुरं मेली आणि पोळाच भरला नाही. आता काकासाहेब म्हणत, माझा मान राहिलाय, तो आधी. तात्यासाहेब म्हणत, गेलं ते साल गेलं, यंदाचं माझं. आता बघा, दोघांचंही खरं. एकाचं खोटं असतं तर चार दिवसांत मिटलं असतं.

पोळ्याला आठ दिवस उरले तेव्हा काकासाहेबांनी सांडूला बोलावलं. "वाळूजला जा. व्याह्यांना म्हणावं, पोळ्याला पंचवीस गडी धाडा, काठ्यांसकट. मी हात उचलणार नाय. पर तात्याची नियत बरी दिसंना."

संध्याकाळी तात्यासाहेबांचं बोलावणं. "काकासायबानं वाळूजला धाडलंय म्हणं तुला? मग फुलंब्रीलाबी जा. माझ्या सासरवाडीला सांग, चाळीस गडी पायजेत."

"मालक, ते पंचवीसच बोलावतेत."

"म्हणूनच चाळीस."

 सांडूची लेक चतुराबाई वाळूजला दिलेली, आणि जावई काकासाहेबांच्या व्याह्यांकडंच सालगडी. पंचवीसांत त्याचं नाव पहिलं असणार. इकडं सांडूचा पोरगा फकिरा तात्यासाहेबांकडं सालगडी. त्यानं तर काठी कापूनही आणली होती. लेकीचं कुंकू आणि पोटचा पोरगा वेशीत समोरासमोर, आणि दोन्हीकडचा निरोप न्यायचा सांडूच्याच टांग्यानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घोडं आधी कागजीपुऱ्याला वळवलं. कमरोद्दीन ओले कागद भिंतीला चिकटवत होता. हातातला कुंचा न थांबवता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मुंबईच्या गोदीत घोडे जहाजात चढवत होतो," तो म्हणाला, "तवा तू मला काय विचारलं होतंस?"

"की आता समेट झाला तर घोडे उतरवतील का."

"आन मी काय बोललो?"

"की चढवायलाच आठ दिवस लागले, आता उतरवायची लाज वाटंल."

"मग? काठी घेऊन निघालेल्या माणसाचंबी तेच हाये. ती न वापरता घरी गेला तर बायको हसंल."

सांडूनं एक ओला कागद उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "कमरू, बोलावणं धाडणारे ते, पर नेणारं तोंड माझं हाये."

कमरोद्दीननं ओळखलं. "दोनों पाटील मिलके पिटेंगे तेरेकू."

"मिळून मारतील तर बरंच की. तेवढं तरी एकत्र करतील."

वाळूजला जावई अंगणात काठीला तेल लावत बसला होता; बातमी आधीच पोचली होती. चतुराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बाबा, दादा तिकडून हाये ना?" ती एवढंच म्हणाली. सांडू पाणी प्याला आणि थेट काकासाहेबांच्या व्याह्यांच्या ओट्यावर गेला.

"पाटलांनी पोळ्याचं आवतण धाडलंय. बायकापोरांसकट जेवायला या."

व्याही चमकले. "आन काठ्या?"

"काठ्यांचं मला ठावं नाय. पुरणाचं बोलले."

फुलंब्रीलाही त्यानं हेच सांगितलं, आणि तिथं तर लहान पोरांना मुद्दाम आणा म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी वेशीत दोन्हीकडून गाड्या आल्या. गाड्यांत नऊवारीतल्या बाया, टोपडी घातलेली लेकरं, एक बाळंतीणही होती. तात्यासाहेबांच्या दारात फकिरा काठी घेऊन उभा होता. फुलंब्रीच्या एका म्हातारीनं ती काठी उतरताना आधाराला म्हणून मागितली, आणि परत दिलीच नाही. वाळूजच्या गाडीतून चतुराबाई उतरली, मागून जावई. त्याच्या कडेवर पोर होतं. काठी धरायला हातच मोकळा नव्हता.

काकासाहेबांची बायको मनकर्णाबाई दारातली गर्दी बघून आत पळाली. डाळ घरापुरतीच भिजवलेली. तिनं जाऊबाईंकडं, म्हणजे तात्यासाहेबांच्या द्वारकाबाईकडं, निरोप धाडला. द्वारकाबाईकडं डाळ होती, पण गूळ संपला होता. मग मागल्या दारानं डाळ इकडं, गूळ तिकडं, आणि पुढल्या दारी दोघं पाटील अजून मिशा पिळत बसलेले.

काकासाहेबांनी सांडूला बाजूला घेतलं. "मी काय सांगितलं होतं रं तुला?"

"सोयरे आणायला सांगितलं होतं मालक. आणले."

"सांड्या, तुझं कातडं सोलीन."

"सोला. पर आधी बैलांचं बघा. लेकरं भुकेली झाली."

हे मात्र खरं होतं. बैलांना नैवेद्य दाखवल्याशिवाय माणसांनी जेवायचं नाही, आणि बैल तर वेशीत अडून. आधी लेकरं रडायला लागली, मग त्यांच्या आया बोलायला लागल्या. शेवटी वाळूजचे व्याही आणि फुलंब्रीचे सासरे एका गाडीच्या जुवावर बसून बोलले. सासऱ्यांनी तात्यासाहेबांना सांगितलं, यंदा राहिलेली पाळी फिटू द्या, पुढली दोन सालं तुमची. व्याह्यांनी काकासाहेबांकडून हूं म्हणवून घेतलं. तात्यासाहेबांनी मान हलवली नाही, पण पाठ फिरवून उभे राहिले, आणि तेवढ्यात काकासाहेबांचा बैल तोरणाखालून निघून गेला.

दोन्ही पाटील दिवाळीपर्यंत सांडूशी बोलले नाहीत आणि त्याच्या टांग्यात बसले नाहीत. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी त्याच्या ओसरीवर फकिरा आणि जावई एकाच ताटात हात घालून बसले होते आणि कुणाच्या मालकाचा बैल देखणा यावरून वाद घालत होते. जावई म्हणे शिंगं बघ, फकिरा म्हणे वशिंड बघ. आवाज चढायला लागला तेव्हा चतुराबाईनं बापाकडं पाहिलं.

"भांडू दे," सांडू म्हणाला, आणि दोघांच्या ताटात आणखी एकेक पोळी वाढायला सांगितली.