नवऱ्याचा अंगठा

काल पंचायतीत बायकोच्या मरणाच्या दाखल्यासाठी अंगठा उठवला. शाईचा वास नाकात शिरला आणि मला तो जुना दवाखाना दिसला. तिला पाचव्यांदा दिवस गेले होते, अंगात रक्त नव्हतं. मूल नको, पाडून टाकू म्हणून आमच्या गुंद गावाहून चालत तीच मला घेऊन गेली. नर्स म्हणाली, "नवऱ्याचा अंगठा लागतो." मला पोरगा पायजे होता. मी अंगठा मुठीत दाबून धरला.

"पोट माझं हाय, अंगठा ह्यांचा कशाला?" बायको म्हणाली. सगळे हसले. मीबी हसलो.

पोरगीच झाली, गुणी हाय. बायको मात्र पुन्हा धड उभी राहिली न्हाई.

ती पोरगी आता दवाखान्याचं काम करणारी आशाताई हाय. काल तिला त्या अंगठ्याचं विचारलं, तर म्हणाली, "नवऱ्याचा अंगठा कधीच लागत नव्हता, अप्पा."

तवापासनं एका जागी बसवत न्हाई.